दुधाच्या घरातलं बिनदुधाचं चॉकलेट

आमच्या घरात सगळ्यात जास्त संशय कुणाचा घेतला गेला असेल, तर एका डब्याचा. बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा, झाकणावरचं चित्र घासून गेलेलं. त्यात मी दौंडच्या बेकरीतून सुटी आणलेली कोको पावडर ठेवायचे. सासूबाईंनी तो पहिल्यांदा उघडला, वास घेतला, चिमूटभर जिभेवर टाकली आणि थू थू करत मोरी गाठली.

"कडू जहर हाय गं! हे पाजनार व्हय पोरीला?"

"त्यात गूळ घालायचा असतो, आत्या."

"जहरात गूळ घातला म्हंजी काय त्याचा पेढा हुतो?"

आणि हे कोण बोलतंय, तर सकाळ-संध्याकाळ मिसरी लावणारी बाई! त्यांचा मिसरीचा डबा आणि माझा कोकोचा डबा फळीवर शेजारी शेजारी बसायचे, आतला माल दिसायलाही जवळजवळ सारखा, पण बदनाम फक्त माझा. मी तसं तोंडावर बोलूनही दाखवलं. माझ्या जिभेला हाड नाही हे लग्न ठरवताना कुणी सासरच्यांना सांगितलं नव्हतं. नंतर त्यांचं त्यांना कळलं.

मी शिरूरची, बाजारपेठेत वाढलेली. आमच्याकडं सकाळी गवळी रतीब घालून जायचा, ते दूध चहाला पुरलं की झालं. सासर पाटसच्या अलीकडं, हायवे सोडून आत, चहूकडून ऊस आणि मधे वस्ती. यांचे आजे-पणजे मेंढरं घेऊन रानोमाळ हिंडायचे. पुढं जमीन झाली, कॅनॉलचं पाणी आलं, ऊस लागला, मेंढरं गेली आणि गोठ्यात म्हशी आल्या, गाई आल्या. सासूला मी आत्या म्हणायचे आणि सासऱ्यांना मामा. मामा रोज पहाटे दुधाची किटली घेऊन गावातल्या संकलन केंद्रावर जायचे, आणि फॅट किती लागली ते आल्या आल्या सगळ्यांना सांगायचे. आमचे हे कारखान्यावर, पाळीपाळीनं. थोरल्या जाऊबाई आणि त्यांचा मुलगा, मी आणि माझी मुलगी. एवढं घर. आणि अशा घरात माझी मुलगी जन्माला आली ती दूध न सोसणारी.

वरचं दूध सुरू केल्यापासून तिच्या अंगावर गांध्या उठायच्या. लालबुंद, खाजऱ्या, रडून रडून पोर अर्धी व्हायची. आधी उष्णता म्हणाले, मग दृष्ट म्हणाले. मीठ-मिरच्या ओवाळून झाल्या. मग एकदा तिनं जाऊबाईंच्या मुलाच्या पेल्यातलं दूध घटाघटा पिऊन टाकलं. बघता बघता ओठ सुजले, डोळे मिटले आणि श्वास घेताना छातीतून शिट्टी वाजायला लागली. वस्तीवरच्या एकाची जीप सापडली म्हणून दौंडला पोचलो. सुई टोचल्यावर पोरगी शांत झाली, तेव्हा डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. हिला दूध चालत नाही, म्हणाले. दूध, दही, तूप, पेढा, काही नाही. थेंबसुद्धा नाही. मोठेपणी कदाचित जाईल हे, पण आत्ता हयगय केलीत, तर पुढच्या वेळी वेळेत पोचालच असं नाही.

हे मी घरी येऊन सांगितलं, तर मामा माझ्याकडं असं बघायला लागले की जणू मीच ते डॉक्टरला शिकवून आणलं होतं.

"दूध सोसत न्हाई? आमच्या रक्ताच्या पोरीला? आमच्यात तान्ही पोरं मेंढीच्या दुधावर वाढली."

आत्यांचं दुखणं वेगळं होतं. बाजारात कुणीतरी त्यांना टोचून विचारलं होतं की नातवाला पेला भरून दूध आणि नातीला कोरा चहा, हे खरं का? पोरगी म्हणून दूध तोडलं आणि ते डेअरीला घालतात, असं लोक म्हणत होते. घरात दुधाची किटली भरून जाते आणि नात तोंडाकडं बघत बसते, हे आत्यांच्या जिव्हारी लागलं. चार दिवस त्या जेवल्याही नीट नाहीत. मला त्यांची दया आली, खोटं कशाला बोलू. पण त्याच वेळी माझ्या मनात पाल चुकचुकली. ही बाई आज ना उद्या चोरून पोरीला दूध पाजणार.

आता कोकोचं कसं सुरू झालं ते सांगते. जाऊबाईंचा मुलगा रोज सकाळी दुधात डब्यातली चॉकलेटी पावडर घालून प्यायचा, चमच्यानं पेला वाजवत. माझी मुलगी समोर बसून बघायची. मागायची नाही. सुई तिच्या लक्षात होती. एक दिवस मी धुणं वाळत घालत होते आणि ही गोठ्याच्या भिंतीला टेकून बसली होती. हातात पेला. त्यात तिनं पाण्यात काळी माती कालवली होती. काडीनं ढवळत होती, फुंकर घालत होती आणि फुर्र आवाज करून ओठाला लावत होती. मला म्हणाली, "आई, माझं बी चॉकलेट."

मी तिथंच बसले धुणं सोडून. इतकं रडले की तीच मला गप्प करायला लागली. दुसऱ्या दिवशी जीप पकडून मी दौंड गाठलं.

स्टेशनाजवळ एक जुनी बेकरी होती. तिथल्या म्हाताऱ्या मालकाला विचारलं, चॉकलेट कशापासून करता? त्यांनी कोकोचा मोठा डबा दाखवला. ह्यात दूध आहे का? नाही म्हणाले. नक्की नाही ना? नाही हो बाई. मी तरी डबा फिरवून फिरवून वाचला, मग त्यांना पुन्हा विचारलं. शेवटी ते वैतागून म्हणाले, "तुम्ही फूड इन्स्पेक्टर आहात का?" मी म्हटलं, आई आहे. त्यांनी पुडी बांधून दिली.

दुधाऐवजी काय, हा प्रश्न नव्हता. नारळ रोजचा परवडला नसता, पण शेंगदाणे घरचे होते, पोतंभर. रात्री मूठ-दोन मुठी भिजत घालायचे. सकाळी चोळून फोलं काढायची, सगळी, नाहीतर कडवटपणा येतो. मिक्सरमधून पाणी घालून अगदी बारीक वाटायचे. लाईट नसली की पाटा-वरवंटा, आणि लाईट बहुतेक वेळा नसायचीच. मग मलमलच्या फडक्यातून पिळून घ्यायचं. खाली राहतो तो चोथा चटणीला. पिळलेलं पांढरंशुभ्र उतरतं, कुणीही फसावं. ते मंद आचेवर ठेवायचं आणि सारखं ढवळायचं, कारण त्याला बुडाला लागायची फार घाई. कच्च्या दाण्याचा वास जाईपर्यंत उकळायचं. कोको आधी वाटीत गरम पाण्यानं कालवून घ्यायचा, गुठळी ठेवायची नाही, आणि मग त्यात सोडायचा. गूळ मात्र खाली उतरवल्यावर. वरून सुंठीची चिमूट. आटून घट्ट झालं तर पाण्याचा हबका.

पहिल्या दिवशी तिनं पेला दोन्ही हातांत धरला, आधी माझ्याकडं बघितलं, मग दाराकडं, की कुणी काढून तर नेत नाही ना. घोट घेतला. वरच्या ओठावर चॉकलेटी मिशी आली. मग चमचा घेतला आणि जाऊबाईंच्या मुलासारखा पेला वाजवला. त्या आवाजानं मला झालेला आनंद मी कुणाला सांगू शकत नाही.

आठवडाभर सगळं छान चाललं. आणि मग एका सकाळी चॉकलेट पिऊन झालं आणि तिच्या मानेवर गांध्या उठल्या.

मी दाणे निवडले, गूळ बदलला, कोको चाळून घेतला. दोन दिवस काही नाही. तिसऱ्या दिवशी पुन्हा. सुजली नाही, शिट्टी वाजली नाही, पण पोट, पाठ, मान सगळं लाल. मध्येच आठ दिवस माहेरी शिरूरला गेले, तिथं रोज चॉकलेट केलं, पोरगी लख्ख. परत आले आणि पुन्हा सुरू. दाणे तेच, कोको तोच, गूळ तोच. मग शिरूरला काय नव्हतं? आत्या नव्हत्या.

झालं, माझं डोकं त्याच वाटेनं धावायला लागलं. मी आठवून आठवून बघितलं. ज्या दिवशी मी ढवळायला सुरुवात केल्यापासून उतरवेपर्यंत चुलीपाशीच उभी असते, त्या दिवशी काही होत नाही. ज्या दिवशी मुलीला उठवायला, तोंड धुवायला मध्ये जाते, त्या दिवशी होतं. मी मागं वळले की कुणीतरी त्यात दूध घालत होतं. आणि स्वयंपाकघरात त्या वेळी आत्यांशिवाय कुणी नसायचं.

मग मी पाळत सुरू केली. चहाला काढून ठेवलेल्या दुधात काडी बुडवून खूण करून ठेवायचे आणि परत आल्यावर पुन्हा बुडवून बघायचे. दूध तसूभरही कमी नसायचं. त्यामुळं माझा संशय कमी व्हायला हवा होता, पण उलट वाढला. म्हटलं, बाई हुशार आहे, गोठ्यातून परस्पर आणत असेल. आत्यांच्या पदराखाली काही आहे का ते बघत मी त्यांच्या मागं मागं फिरायचे. त्याही मूर्ख नव्हत्या. एकदा म्हणाल्या, "काय गं, माझ्यावर पहारा ठेवलाय व्हय?" मी म्हटलं, छे, कुठं काय.

तिकडं मामांचा संशय वेगळाच, आणि तो माझ्यावर. दाण्याचं पाणी इतकं पांढरं कसं? तापवलं की वर साय कशी धरते? एके दिवशी मी गाळून ठेवलेलं, अजून कोको न घातलेलं तांब्याभर त्यांनी उचललं आणि सरळ संकलन केंद्रावर नेलं. तिथल्या माणसाला म्हणाले, लाव मशीनला. मशीननं फॅट दाखवली. "म्हैस नवी घेतली का?" असं तिथं कुणीतरी विचारलंही म्हणे. मामा घरी आले ते दारातूनच ओरडत.

"फॅट लागली! दूधच हाय ह्ये. सून आपल्याला येड्यात काढतीया!"

"मामा, दाण्याचं तेल घाण्यावरनं काढून आणता ना तुम्ही? ते तेल कुठून येतं? दाण्यातूनच ना? मशीनला काय कळतंय फॅट म्हशीची का शेंगेची!"

"मशीन खोटं बोलत न्हाई. मानूस बोलतंय."

संध्याकाळपर्यंत वस्तीवर बातमी गेली की धाकटी सून चोरून दूध पाजते आणि वरून नाटक करते. म्हणजे मी आत्यांवर ज्याचा आळ घेत होते, तोच माझ्यावर आला. मला हसावं की रडावं कळेना. यांना सांगितलं, तर पाळीवरून आलेला माणूस, आडवा होत म्हणाला, "तुमचं तुम्ही बघा." याला म्हणतात आधार!

शेवटी एका सकाळी पुन्हा गांध्या उठल्या आणि माझा बांध फुटला. मामा ओट्यावर, जाऊबाई भाकरी थापत, हे नुकतेच उठलेले. सगळ्यांदेखत मी विचारलं.

"आत्या, खरं सांगा. तुम्ही माझ्या पोरीच्या चॉकलेटात दूध घालता का नाही?"

जाऊबाईंचा हात थांबला. आत्या उठल्या, देव्हाऱ्यापाशी गेल्या आणि मूठभर भंडारा उचलला. आमच्याकडं भंडारा उचलला म्हणजे संपलं, त्यापुढं कोर्ट नाही.

"खंडोबाची आन हाय. दुधाचा थेंब घातला आसंल, तर ह्या हातांना किडं पडतील."

भंडारा त्यांनी कपाळाला लावला, मुलीच्या कपाळाला लावला, आणि माझ्याही. नखापासून कोपरापर्यंत त्यांचे हात पिवळे झाले होते. पण विश्वास ठेवला म्हणाल, तर विश्वास पानिपतावरच गेला. तीन-चार दिवस मी चुलीपासून हलले नाही आणि पोरगी ठीक राहिली. मग आठवड्याच्या बाजाराला गेले, येईपर्यंत दुपार झाली. पोरगी पाठ खाजवत दारात बसलेली. चॉकलेट तर मी सकाळी स्वतः करून, स्वतः पाजून गेले होते. दुपारी काय खाल्लं? चपाती-गूळ.

देवाची खोटी शपथ घेणारी बाई घरात आहे, असं माझ्या मनानं घेतलं. मला त्यांची भीती वाटायला लागली.

आणि मामांनी त्याच संध्याकाळी निकाल दिला. त्यांचा हिशेब त्यांच्यापुरता सरळ होता. चॉकलेटात दूध असेल, तर पोरगी ते पिऊन जगतेच आहे. आणि नसेल, तर दुधाशिवायही गांध्या उठतायत. दोन्हीकडून डॉक्टर खोटा.

"सोमवारपास्नं पोरीला दूध चालू. गाईचं, पानी घालून, थोडं थोडं. सवय लागंल."

"मामा, त्या दिवशी जीप मिळाली नसती तर..."

"ठरलं म्हंजी ठरलं."

मी यांच्याकडं बघितलं. यांनी मान खाली घातली. त्या खाली घातलेल्या मानेचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. मी पिशवी भरली. सोमवारी पहिली एसटी धरून पोरीला घेऊन शिरूर गाठायचं, आणि मग परत यायचं की नाही ते देवाला माहीत. पण जायच्या आधी मला चोर पकडायचा होता. मी गेले तरी नातीला दूध पाजणारी आजी खोटी ठरायला हवी होती, नाहीतर हे सगळे शिरूरपर्यंत येऊन तिला दूध पाजतील, अशी मला खात्री होती.

रविवारी सकाळी मी चॉकलेट चुलीवर ठेवलं. ढवळलं, कोको सोडला, आणि मग मोठ्यांदा म्हणाले, "आत्या, मी हिला उठवून आणते हो." पाय वाजवत बाहेर गेले आणि भिंतीला वळसा घालून मागच्या खिडकीशी उभी राहिले.

आत्या आल्या. मला वाटलं होतं इकडं तिकडं बघतील. नाही बघितलं. त्यांच्या हातात दुधाचं रिकामं पातेलं होतं. तापवलेलं दूध विरजणाच्या गाडग्यात नि चहाच्या भांड्यात काढून झालं होतं. त्यांनी माझ्या चॉकलेटात पळी घातली, बूड खरवडलं, आणि स्वतःशीच म्हणाल्या, "आटलं की गं माय. लागंल बुडाला." मग तांब्यातलं पाणी त्या रिकाम्या पातेल्यात घातलं, गोल फिरवून चांगलं विसाळलं, आणि ते माझ्या चॉकलेटात ओतलं.

मी कशी आत आले मला आठवत नाही.

"काय घातलंत?"

आत्या दचकल्या. "पानी."

"हे पाणी?"

"पानीच की. भांडं विसाळल्यालं."

"आत्या, भंडारा उचलला होतात तुम्ही!"

"उचलला व्हता. आताबी उचलंन. दूध कवाच काढून घेतलं त्यातनं. हे पानी हाय."

त्यांच्या आवाजात चोरीचा लवलेश नव्हता. त्याच मला समजवायला लागल्या, नव्या सुनेला समजवावं तसं. दुधाचं भांडं विसाळून ते पाणी मोरीत ओतायचं नसतं. लक्ष्मी असते ती. पिठात घालावं, कालवणात घालावं, आटलं त्यात घालावं. त्यांच्या सासूनं त्यांना शिकवलं, सासूला तिच्या सासूनं. कुणाच्या घरात ओतून देत असतील, तर त्या घरात जनावर टिकत नाही.

दुधाच्या पातेल्याच्या तळाशी अजून घोटभर उरलं होतं. मी ते स्वयंपाकाच्या ओट्यावर ओतलं. कडप्प्याच्या काळ्या फरशीवर ते पसरलं, पांढुरकं.

"हे बघा."

आत्या वाकून बघत राहिल्या. मग बोट लावलं, चोळून बघितलं.

"एवढ्यानं?"

"एवढ्यानंच. थेंबसुद्धा नाही म्हणाले होते डॉक्टर."

"थेंब मी दुधाचा समजले गं."

त्या खाली बसल्या. मग म्हणाल्या, "बाजाराच्या दिवशी चपातीचं पीठ मी मळलं व्हतं. ह्याच पान्यानं." आणि त्यांनी पदराला हात पुसायला सुरुवात केली. पुसलेले हात पुन्हा पुन्हा पुसत होत्या, उलटे करून बघत होत्या. शपथेत काय बोलल्या होत्या ते त्यांना आठवलं असणार. मला तर आठवलंच.

चोर सापडला की घर डोक्यावर घ्यायचं, असं मी किती दिवस घोकत होते. आता सापडला होता, आणि मला नुसतं रडू येत होतं. कुणावर ओरडू? मी त्यांच्याशेजारी जमिनीवर बसले. चुलीवरचं चॉकलेट उतू गेलं तरी आम्ही उठलो नाही.

मला वाटलं होतं, मामांना मीच सांगायचं आणि मग पुन्हा भांडण. पण आत्या स्वतःच उठल्या. मामा किटली धुऊन पालथी घालत होते. अंगणात सगळ्यांदेखत आत्या म्हणाल्या, "सोमवारचं दूध ऱ्हाऊ द्या. पोरीला मी घालत व्हते. डॉक्टर खरा हाय."

"तू?" मामा उभेच राहिले. "भंडारा उचलला व्हतास की."

"उचलला व्हता. माझं आन् देवाचं मी बघून घीन. पोरीला दूध द्यायचं न्हाई."

मामांनी एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा आत्यांकडं. मग किटली खुंटीला अडकवली आणि गोठ्यात निघून गेले. त्यांच्याकडून तेवढं पुष्कळ होतं. मी आत जाऊन पिशवी रिकामी केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्यांनी दुधाचं पातेलं विसाळलं आणि मोरीशी नेलं. मी बघत होते, त्यांना माहीत होतं. म्हणाल्या, कुत्र्याला घालावं तर पोरगी कुत्र्याशी खेळती, गोठ्यात न्यावं तर वाटेत सांडंल. पातेलं हातात धरून त्या तशाच उभ्या. जन्मात त्या बाईनं दुधाचा थेंब वाया घालवला नव्हता. सांडला तर बोटानं टिपून डोळ्यांना लावायच्या. मी म्हणणार होते, द्या इकडं, मी ओतते. तेवढ्यात त्यांनी डोळे मिटले आणि पातेलं कलंडलं. पाणी मोरीतून खळखळ गेलं. मग त्यांनी मोरीला हात जोडले, पातेलं राखेनं घासलं, पुन्हा घासलं, आणि फळीवर ठेवायच्या आधी मला आतून दाखवलं.

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. आत्या पाणीसुद्धा फुंकायला लागल्या. मुलीचं पातेलं वेगळं झालं, पळी वेगळी, पीठ मळायची परात वेगळी. जाऊबाईंनी एकदा दुधाची पळी चुकून त्या पातेल्यात घातली, तर आत्यांनी हातावर चापट मारली आणि पातेलंभर चॉकलेट ओतून दिलं. भांडगावला लग्नात गेलो, तर नातीच्या ताटात काही वाढायच्या आधी थेट आचाऱ्याला जाऊन विचारलं, "भांडं कशानं विसाळलंस?" आचारी बघतच राहिला. पूर्वी त्यांचा संशय एका डब्यावर होता, आता सगळ्या जगावर होता.

माझा त्यांच्यावरचा गेला होता का? सांगते. काही महिन्यांनी माझी आई पडली, हाताला प्लास्टर घातलं आणि मला शिरूरला जावं लागलं. पोरगी यायला तयार होईना, गोठ्यात नवं वासरू झालं होतं. पहिल्यांदाच तिला मागं ठेवून गेले. चौफुल्यापासून न्हावऱ्यापर्यंत एसटीत माझं चित्त घरीच होतं. वाटायचं, चाळीस-पन्नास वर्षांची सवय, हात आपोआप वळतो, त्यात बाईचा काय दोष. शिरूरच्या बूथवरून मी संकलन केंद्रावर फोन केला, मामा तिथं असतात म्हणून.

"पोरगी कशी आहे?"

"बरी हाय."

"चॉकलेट कोण करतंय?"

"आमची. चुलीपाशी कुनाला फिरकू देत न्हाई. मलाबी न्हाई."

तरी माझं समाधान झालं नाही. आईला बरं वाटताच निघाले. सकाळची पहिली गाडी, पुढं जीप, मग वस्तीपर्यंत चालत. पोरगी वासराच्या गळ्यात हात टाकून उभी होती. मी आधी तिचा फ्रॉक वर करून पाठ बघितली, मग पोट, मग मान. लख्ख होती. तशीच तिला कडेवर घेऊन आत गेले.

आत्या चुलीपाशी बसून ढवळत होत्या. दाणे त्यांनीच वाटले होते, पाट्यावर, कारण लाईट नव्हती. पोरीला खाली ठेवलं, हातपाय धुतले आणि मी पातेल्यात डोकावले. घट्ट झालं होतं, बुडाला लागण्याच्या बेतात. मी माठातून तांब्या भरला आणि हबका मारायला हात पुढं केला.

आत्यांनी माझं मनगट धरलं.

"थांब. कशातलं पानी हाय?"

"माठातलं."

"तांब्यात आधी काय व्हतं?"

"आत्या, मी आई आहे तिची."

"आसशील. दाव."

मी तांब्या त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो खिडकीकडं नेला, तिरका करून आत बघितलं, ओंजळीत थोडं पाणी घेऊन वास घेतला, चाखलं. मग तांब्या मला परत दिला आणि म्हणाल्या, "घाल."